पालथी ताटली

११ फेब्रुवारी

मंडळाचे चिटणीस आज येऊन गेले. दुखवट्याला आले होते तेव्हा उभ्याउभ्याच गेले, आज बसले. ही गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक माणूस आधी हिच्या खुर्चीकडे बघतो आणि मग दुसरीकडे बसतो. त्यांनीही तेच केलं.

ही बेकर मंडळाची परीक्षक होती. जुन्या खाणकामगारांच्या पद्धतीचा, खाणीचा खरा पिझ्झा कोणाकडे मिळतो ते मंडळ ठरवतं आणि त्या दुकानाला निळी पाटी देतं. परीक्षक तीन असतात. एखादा मुदत संपायच्या आत गेला तर त्याची खुर्ची उरलेल्या मुदतीपुरती घरच्या माणसाकडे येते. एका भट्टीचं खाणाऱ्या घरात जीभही एकच असते, असं जुन्या लोकांनी धरलं होतं.

मी म्हटलं, "मी जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात वेल्डिंगचे सांधे तपासले. मला यातलं काय कळतं?"

चिटणीस म्हणाले, "वहिनींच्या हातचं तुमच्याइतकं कोणी खाल्लंय सांगा. आणि सांधा काय नि कड काय, कच्ची राहिली की राहिली."

या वेळी अर्ज एकच आहे. मोठ्या रस्त्यापलीकडच्या थीम पार्कने आत पिझ्झाचं हॉटेल काढलंय. बंदराचा, पठाराचा, खाणीचा, सगळे प्रकार एका छपराखाली. खाणीच्या भट्टीवर कोण आहे ते चिटणीसांनी सांगितलं नाही. बूट घालताना एवढंच म्हणाले की पाटी मिळाली तर पार्क ती भट्टी चालू ठेवणार, नाही मिळाली तर बर्फातले तयार बेस आणणार. भट्टीवर कोण आहे ते मला माहीत आहे. धाकटी. हिची धाकटी बहीण.

मी हो म्हटलं.

हे लिहीत असताना खालच्या काकूंनी दार धडाधडा वाजवलं. "अहो, करपतंय काय? सगळा जिना भरलाय!" दूध तापत ठेवलं होतं, ते आटून पातेलं काळं झालं होतं. काकू पदराने नाक धरून उभ्या होत्या. एवढं नाटक करायची गरज नव्हती. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काय चाललंय याची त्यांना फार काळजी.

१४ फेब्रुवारी

दूधवाला बदलला. आधीचा पाणी घालायचा. कॉफीही बदलली. आता कॉफी म्हणून काय विकतात कोण जाणे, रंग तेवढा असतो.

धाकटीबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे परीक्षेच्या दिवशी मन साफ राहील.

ती हिच्याहून बरीच लहान. आई गेल्यावर हिनेच तिला वाढवलं, भट्टीवर उभं केलं. हिचं दुकान लहान होतं पण खाणीचा पिझ्झा खायला लांबून लोक यायचे. खोल लोखंडी ट्रे, त्यात जाड पीठ, चीज थेट कडेपर्यंत आणि सॉस सगळ्यात वर. कडेचं चीज ट्रेला लागून काळसर होतं आणि तीच खरी कड. पूर्वी खाणीतली माणसं ती कड धरून खायची, म्हणून परीक्षकही पहिला घास कडेचा घेतो.

ही आजारी पडली आणि दुकान बंद झालं. ही हॉस्पिटलात असतानाच धाकटीने दुकानातले ट्रे उचलले, जुन्या पिठाची बरणीही उचलली. रोज थोडं काढायचं, थोडं ताजं घालायचं, असं ते पीठ हिच्या आईच्या वेळेपासून चालत आलेलं. हे सगळं घेऊन ती पार्कात नोकरीला लागली. ही गेली त्या आठवड्यात मी तापाने पडलो होतो. दोन-तीन दिवस तर शुद्धच नव्हती. धाकटी सूप करून आणायची. सूप कसलं, गरम पाणी. ताई गेली तशी मनापासून करायची गरजही संपली असेल.

१९ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहू की नको असं वाटत होतं.

हिचं कपाट आजपर्यंत उघडलं नव्हतं. आज उघडलं. ही भट्टीवरून आली की हिच्या स्वेटरला पिठाचा, धुराचा आणि कसल्याशा साबणाचा मिळून एक वास यायचा. कितीही धुतला तरी राहायचा. मी त्यावरून चेष्टा करायचो. आज राखाडी स्वेटर काढून तोंडावर धरला. काही नाही. निळा काढला. शाल काढली. मग एकेक करून सगळंच काढलं. दुकानातून नवीन आणलेल्या कापडालाही काही वास असतो. याला तोही नाही.

कपाटाची किल्ली माझ्याशिवाय फक्त धाकटीकडे आहे. मी तापात असताना तिने घर आवरलं होतं.

फोन केला. संध्याकाळी आली. पार्कातला गणवेश अंगावरच होता, पाठीवर खाणीतल्या दिव्याचं चित्र.

"तू ताईचे कपडे धुतलेस?"

"कुठले?"

"कपाटातले. सगळे."

"मी कपाटाला हातसुद्धा लावला नाही, भाऊजी."

"मग भुतांनी धुतले का?"

ती जायला वळली. मग म्हणाली, "तुम्ही माझ्यावर कशासाठी चिडलाय ते एकदा नीट बोला. ट्रेसाठी ना? ताईनेच सांगितलं होतं मला. पीठ मरू देऊ नकोस म्हणाली. तुम्ही तेव्हा औषधं आणायला खाली गेला होता."

"सोयीस्कर आहे. मी नेमका खाली होतो."

"तुम्हाला साक्षीदार लागतो प्रत्येक गोष्टीला. सांधे तपासून तपासून असं झालंय तुमचं," असं म्हणून ती गेली. तिच्यासाठी केलेला चहा तसाच राहिला. नंतर मीच प्यायलो. पाणी.

कपडे अजून पलंगावरच आहेत. परत कपाटात ठेवायचं मन होत नाही.

२ मार्च

पीठवाल्याबरोबर फिरून आलो. हा दुसरा परीक्षक, बेकऱ्यांना पीठ पुरवतो, हिचा जुना स्नेही. म्हणाला, "तपासनीस, जीभ गंजली असेल तुझी. चल, धार लावून आणू." ही असताना सुट्टीत ही आणि मी असेच जायचो. आज बंदराला, उद्या पठाराला, नुसते पिझ्झे खात. परतताना गाडीत भांडायचो. ही पठाराच्या बाजूची, मी बंदराच्या.

बंदरात त्याच जुन्या दुकानात गेलो. पातळ पिझ्झा, वर काळे फोड, दुमडला की टोक खाली झुकत नाही. बघायला तसाच होता. पीठवाला डोळे मिटून खात होता.

"समुद्र येतो बघ नाकात," म्हणाला.

"मला नुसता खारट लागला."

"खारटच असतो समुद्र."

मी निम्मा ठेवला. मालकाने विचारलं काय कमी आहे. मी खरं ते सांगितलं, की त्याच्या वडिलांच्या वेळची गोष्ट राहिली नाही. त्याचा चेहरा उतरला. खरं ऐकायची सवय राहिली नाही लोकांना.

पठारावर लाकडाची भट्टी. जाड कांदा, आंबट पीठ. बसलो होतो ती जागा भट्टीजवळची, डोळ्यांत धूर जाऊन पाणी येत होतं, पण पिझ्झ्यात धूर कुठेच नव्हता. पीठवाल्याला म्हटलं, हिला आवडायचा तो हा नव्हे. तो चौथा तुकडा उचलत म्हणाला, "अरे, तोच आहे. वहिनी इथे बसून बोटं चाटायची. तुझंच तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालंय."

"तू पीठ विकतोस. तुला सगळी गिऱ्हाइकं चांगलीच वाटणार."

हे बोलायला नको होतं. परतीच्या वाटेवर त्याने गाडीतला रेडिओ मोठा केला. उतरताना मात्र हात खांद्यावर ठेवून म्हणाला, "होईल हळूहळू." काय होणार ते त्यालाच ठाऊक.

मला वाटतं, ही नेमक्या वेळी गेली. हे सगळं असं उतरणीला लागलेलं तिला बघवलं नसतं.

९ मार्च

उद्या परीक्षा आहे.

स्वतःला एक प्रश्न विचारून ठेवतो. मी धाकटीवर राग काढायला तर जात नाही ना? राग आहे, हे खोटं नाही. पण कारखान्यात ज्या वेल्डरशी माझं बोलणं नव्हतं त्याचेही सांधे मी पास केले आहेत, आणि जवळच्या मित्राचे नापासही केले आहेत. सांधा कोणाचा आहे हे विसरता आलं नाही तर तपासायला जाऊच नये.

खरं तर मला तिचा पिझ्झा पास व्हायला हवा आहे. हे इथे लिहितो, कुणाला सांगणार नाही. तिच्या ट्रेमध्ये हिची चव निघाली तर मी सरळ तिच्याकडे जाऊन म्हणेन की बरणी नेलीस ते बरं केलंस. फार दिवसांत काही मनासारखं खाल्लेलं नाही. उद्या पोटभर खाईन.

१० मार्च

सकाळी पार्कात गेलो. फाटकापासून हॉटेलपर्यंत एक प्लास्टिकचा ज्वालामुखी लागतो, दर थोड्या वेळाने शिट्टी मारून वाफ सोडतो. खाणीचा कोपरा पुठ्ठ्याच्या दगडांचा. वाढपी डोक्यावर पिवळं शिरस्त्राण घालून फिरतात, त्यावर दिवा. वाढायला वाकले की तो आपल्या डोळ्यांत. छताला लपवलेल्या कर्ण्यातून आवाज येतो, "खाणकामगार मित्रांनो, भूक लागली ना?" वरून रोलर कोस्टरची गाडी गेली की माणसं किंचाळतात आणि ग्लासातलं पाणी थरथरतं. हिचे वडील खऱ्या खाणीत होते. त्यांना हे दाखवायला हवं होतं.

तिसऱ्या परीक्षक कॉलेजच्या बाई, स्वयंपाकशास्त्र शिकवतात. पार्कच्या मॅनेजरने आग्रह करून आधी बाकीच्या काउंटरवरचे पिझ्झे आणवले. ते परीक्षेत नव्हते. पीठवाल्याने बंदराच्या पिझ्झ्याचा तुकडा उचलला तर तो ओल्या टॉवेलसारखा लोंबला. "या बंदराला बोट लागायची नाही," म्हणाला. पठाराच्या पिझ्झ्यावर धुराचा अर्क बाटलीतून शिंपडतात, असं बाईंनी ओळखलं. "पत्रा जाळल्यासारखा वास आहे," म्हणाल्या. मॅनेजर हसत होता. त्याला फरक पडत नव्हता, ते पिझ्झे रांगा लावून खपतात.

मग धाकटी स्वतः ट्रे घेऊन आली. ट्रे हिचाच. कानाशी पोचा पडलेला आहे, तो मी ओळखतो. डोक्यावर शिरस्त्राण नव्हतं, ते तिने काखेत धरलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तुकडे कापले, तीन ताटल्या ठेवल्या आणि भट्टीशी जाऊन उभी राहिली.

परीक्षेची पद्धत अशी. बरोबर साधं पाणी. कोणी बोलायचं नाही. पहिला घास कडेचा. खाऊन झालं की ज्याला मान्य आहे त्याने ताटली तशीच ठेवायची, ज्याला नाही त्याने पालथी घालायची. एक जरी पालथी पडली तरी पाटी नाही.

कड तोडली. आवाज बरोबर होता. रंग बरोबर, चीज जिथे काळं व्हायला हवं तिथेच झालेलं. चावलं. कुरकुरीत. मीठ आहे. पिठाचा आंबटपणा आहे. पुढे काही नाही. मला वाटलं घाई झाली. पाणी प्यायलो आणि मधला घास घेतला, सॉसचा. गरम, आंबट, पुढे पुन्हा काही नाही. परत कड घेतली. शपथेवर सांगतो, मी मनापासून शोधलं. डोळे मिटले. हिचं दुकान, हिचे हात, सगळं आठवलं. जिभेवर जे होतं त्यात ते कुठेच नव्हतं. आधीच्या ओल्या टॉवेलात आणि यात मला फारसा फरक वाटला नाही. एक मऊ, एक कुरकुरीत, एवढाच.

डोळे उघडले तेव्हा पीठवाला रडत होता. तोंडात घास आणि गालांवरून पाणी. बाईंची ताटली स्वच्छ झाली होती, कडेचा चुराही त्यांनी बोटाने टिपला होता.

वरून रोलर कोस्टरची गाडी गेली. ती गेल्यावर मी ताटली पालथी घातली.

पीठवाल्याने पद्धत मोडली. मोठ्याने म्हणाला, "तपासनीस! सरळ कर ती."

मी म्हटलं, "परीक्षा संपेपर्यंत बोलायचं नसतं."

"अरे, वहिनी बसलीय त्या ट्रेमध्ये! तुला झालंय काय?"

"पार्कला पीठ कोण देतं?" मी विचारलं.

तो उठला. मला वाटलं मारतो. पण खुर्ची मागे ढकलून निघून गेला. बाई चष्मा पुसत बसल्या. चिटणीसांनी निकाल लिहून घेतला. धाकटीने भट्टीशेजारचा कपडा उचलला, ट्रे पुसला, मग शिरस्त्राण डोक्यावर घातलं आणि पट्टा हनुवटीखाली लावला. पट्टा लावायला तिला वेळ लागला.

एवढ्या लोकांसमोर एकट्याने खरं बोलणं सोपं नसतं. ही असती तर तिनेही हेच केलं असतं. आप-पर बघितलं नसतं.

११ मार्च

दिवसभर पडून होतो. भूक नाही.

१६ मार्च

आज धाकटी आली. ट्रे आणि बरणी परत द्यायला. पार्कने भट्टी बंद केली, तिला तळलेल्या बटाट्यांच्या काउंटरवर टाकलंय.

मी खुर्चीत पेपर वाचत होतो. तिने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली. मग ट्रे दणकन जमिनीवर टाकले, तोंडावर ओढणी दाबून स्वयंपाकघरात धावली. तिथून खिडक्या उघडल्याचे आवाज आले, मग बाहेरच्या खोलीतल्याही खिडक्या तिने उघडल्या. बाहेर गार वारा होता, पेपर उडाला. जिन्यात जाऊन ओरडली, "काकू, काही पेटवू नका! बटणाला हात लावू नका!" मला दंडाला धरून बाहेर गॅलरीत नेलं. मी तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, पण ओढून नेलं.

"अगं, झालंय काय?"

"गॅस चालू होता, भाऊजी. पूर्ण उघडा. वर चहाचं पातेलं, आणि खाली पेटलेलंच नाही."

"वाऱ्याने विझला असेल."

"तुम्हाला वास नाही आला?"

"हल्लीच्या सिलिंडरमध्ये भेसळ असते. पूर्वी लगेच कळायचं."

तिने माझ्याकडे बघितलं. मग आत गेली आणि बरणी घेऊन आली. झाकण काढून माझ्यापुढे धरली. "हे कसं वाटतं?"

बघितलं. बुडबुडे आलेले, वर चढलेलं. "चांगलं आहे. नीट ठेवलंयस."

"वासाला?"

"पिठाला काय वास असणार?" मी म्हटलं. मग उगाच वाद नको म्हणून पुढे म्हटलं, "ठीक आहे."

तिने झाकण लावलं. ते वाकडं बसलं, पुन्हा काढून लावलं. माणूस घाबरतोच अशा वेळी. काकू वर आल्या होत्या, त्यांना तिने हळूच काहीतरी सांगून खाली पाठवलं. मग आत जाऊन पलंगाशी उभी राहिली. हिचे कपडे अजून तिथेच होते. तिने राखाडी स्वेटर उचलला आणि त्यात तोंड खुपसलं. किती तरी वेळ तशीच उभी. पाठ हलत होती. रडू दिलं. तिचीही बहीणच होती.

मी दारातून म्हटलं, "बघ. काही राहिलंय का त्यात?"

तिने स्वेटर खाली घेतला. घडी घातली. दुसराही घेतला, त्याची घडी घातली. शालीची घातली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही भाऊजी. काही नाही राहिलं."

"तेच म्हणत होतो मी."

"मीच धुतले. तुम्ही तापात होता तेव्हा. चुकलं माझं."

शेवटी कबूल केलं. त्याच दिवशी खरं बोलली असती तर एवढा मनस्ताप झाला नसता. मी तिला तसं सांगितलंही. ती हो म्हणाली.

मी आणखीही सांगितलं की निकालावर मंडळाकडे अपील करता येतं. परीक्षक योग्य नव्हता असं दाखवता आलं तर पुन्हा परीक्षा घेतात. पद्धत तिला माहीत असावी म्हणून सांगितलं. कोणाचा हक्क मी मारत नाही.

"काय लिहू त्यात?" तिने विचारलं.

"ते तुझं तू बघ. माझ्यात काय कमी होतं ते तुलाच माहीत."

तिने कपडे कपाटात लावले आणि कपाट बंद केलं. "काही कमी नव्हतं," म्हणाली.

२९ मार्च

अपिलाची मुदत काल संपली. चिटणीसांचा फोन आला होता, धाकटीकडून काहीच आलं नाही म्हणाले. पीठवाला तिच्या घरी दोनदा जाऊन आला, अर्ज लिहूनही दिला, पण तिने सही केली नाही. मला आश्चर्य वाटलं नाही. मनातून तिलाही पटलंच असणार.

तिने मला विजेची शेगडी आणून दिलीय आणि सिलिंडर नेलाय. एकट्या माणसाला गॅस बरा नव्हे म्हणते. बरणी मात्र माझ्याकडे ठेवली. बटाट्यांच्या काउंटरवर जुन्या पिठाचं काय काम? रोज सकाळी कामावर जाता जाता डोकावते, डोक्यावर ते शिरस्त्राण आधीच घातलेलं असतं. आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन शेगडी बघते, फ्रीजमधलं दूध हुंगून बघते, एखादी वाटी न बोलता मोरीत ओतते. नासलं म्हणते. माझ्यावर विश्वास नाही तिचा. नसू दे.

मग बरणी उघडून आधी स्वतः वास घेते आणि माझ्यापुढे धरते.

"आज कसं आहे?"

मी नाक जवळ नेतो, थोडा वेळ थांबतो. परीक्षक होतो, एवढं तर कळतं.

"आज चांगलं आहे," म्हणतो.

"हो," म्हणते आणि झाकण लावते.